शॉर्ट टर्म १२ : फाटकापर्यंतच धरायचं

अर्धीखिडकी

आधीच सांगते, खाली शेवटासकट सगळं फोडलेलं आहे. ज्यांना बघायचाय त्यांनी बघून या, शंभर मिनिटंसुद्धा नाहीत.

२०१३ चा अमेरिकन सिनेमा, छोटा, बिनस्टारचा (म्हणजे तेव्हा बिनस्टारचा, त्यावर नंतर कोणीतरी लिहीलच). घरी राहू शकत नाहीत अशा टीनएजर मुलामुलींना सरकार तात्पुरतं ठेवतं तसलं एक घर. तात्पुरतं म्हणजे वर्षाच्या आत हलवायचं असं कागदावर, पण काही पोरं तिथे कितीतरी वर्षं पडून आहेत. ग्रेस ही तिथल्या फ्लोअर स्टाफची मुख्य, स्वतःच विशीतली. तिचा बॉयफ्रेंड मेसन पण तिथेच कामाला. ही मंडळी डॉक्टर नाहीत, समुपदेशक नाहीत. सकाळी पोरांना उठवायचं, खायला घालायचं, खेळायला न्यायचं, मारामाऱ्या सोडवायच्या. नवीन आलेल्या नेटला ग्रेस पहिल्याच दिवशी सांगते की तू यांचा बापही नाहीस आणि थेरपिस्टही नाहीस, इथे सुरक्षित वातावरण ठेवायचं एवढंच आपलं काम. आणि मग पुढचा सगळा सिनेमा ती स्वतः हा नियम कसा पाळू शकत नाही त्याचा आहे.

मला लिहायचंय ते फाटकाबद्दल. सुरुवातीलाच मेसन बाहेर उभा राहून नेटला आपली फजिती सांगतोय, पळालेल्या पोराच्या मागे जाताना पोट बिघडलं होतं त्याची, अगदी रंगवून, आणि मधेच दार धाडकन उघडून सॅमी नावाचा लाल केसांचा पोरगा बोंबलत बाहेर पळतो. सगळे गोष्ट टाकून त्याच्या मागे. धरतात, खाली बसवतात, तो शांत होईपर्यंत धरून ठेवतात, आणि धरून ठेवल्या ठेवल्याच मेसन गोष्ट पुढे चालू करतो! तिथे कळतं की हे रोजचं आहे. आणि तिथेच तो नियम कळतो, पोरगं फाटकाच्या आत असेपर्यंतच त्याला हात लावायचा. एकदा फाटक ओलांडलं की हात लावता येत नाही, फक्त मागे मागे चालायचं आणि बोलत राहायचं.

मला वाटलं हा माहितीपुरता तपशील आहे, पण नाही. जेडन नावाची मुलगी येते, वाढदिवसाला बाप न्यायला येणार म्हणून बॅग भरून बसते, तो येत नाही. ती आधी आकांडतांडव करते आणि नंतर सरळ चालू पडते, फाटकाबाहेर. ग्रेस काही धावत नाही, ओरडत नाही, मागे मागे जाते, तिच्याच बसमध्ये चढते, बापाच्या घरापर्यंत. घर रिकामं. मग दोघी परत. एवढंच. हात न लावता माणूस परत आणायचं हे इतकं साधं दाखवलेलं मी दुसरीकडे पाहिलं नाही.

तुम्हाला काय वाटलं? आणि आपल्याकडे अशा ठिकाणी काम केलेलं कोणी इथे आहे का?

चहाबाज

छान लिहिलंय. पण मी थोडा विरजण घालतो. पहिला अर्धा तास झक्कास, एकदम डॉक्युमेंटरी बघतोय असं वाटतं. मग पटकथा जागी होते. ग्रेसच्या बापाने जे केलं तेच जेडनच्या बापाचं निघायचं, त्याच आठवड्यात ग्रेसचा बाप तुरुंगातून सुटायचा, त्याच आठवड्यात ग्रेसला दिवस राहिल्याचं कळायचं, त्याच आठवड्यात तिथला पोरगा मार्कस अठराचा होऊन बाहेर पडायचा. अरे किती! आमच्या सोसायटीत एका आठवड्यात लिफ्ट आणि पंप दोन्ही बंद पडले तर सेक्रेटरीवर संशय घेतात लोक.

आणि तो बॅटचा सीन. रात्री ग्रेसने जेडनच्या घरात घुसून तिच्या झोपलेल्या बापावर बॅट उगारायची. नशीब जेडन मधे आली. बाहेर बापाची गाडी फोडून दोघी मोकळ्या, कोणाला काही शिक्षा नाही. तिची नोकरी त्याच रात्री जायला हवी होती.

फ्रेमनफ्रेम

योगायोग जास्त आहेत हे मान्य, पण ते कुठून आले ते बघा. दिग्दर्शक डेस्टिन डॅनियल क्रेटन स्वतः अशा एका ग्रुप होममध्ये दोन वर्षं नोकरीला होता. त्यावर त्याने आधी याच नावाची शॉर्टफिल्म केली, तिला २००९ च्या सनडान्स चित्रपट महोत्सवात ज्युरी पारितोषिक मिळालं. तिथे मुख्य पात्र पुरुष होतं! फीचर लिहिताना त्याने ते बाई केलं आणि गरोदरपणाचं सगळं प्रकरण मोठं झालं. २०१० ला या स्क्रिप्टला ऑस्करवाल्या अकादमीची निकल फेलोशिप मिळाली, आणि गंमत म्हणजे तयार सिनेमा सनडान्सने घेतला नाही, मग तो साउथ बाय साउथवेस्ट महोत्सवाला गेला आणि ज्युरी आणि प्रेक्षक दोन्ही पारितोषिकं घेऊन आला.

आता बिनस्टारचं. ग्रेस म्हणजे ब्री लार्सन, या भूमिकेसाठी लोकार्नो महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, पुढे 'रूम'साठी ऑस्कर. बावचळलेला नेट म्हणजे रामी मालेक, त्यालाही पुढे ऑस्कर. मार्कस म्हणजे लकीथ स्टॅनफिल्ड, त्याचा हा पहिला फीचर, आणि शॉर्टफिल्ममधून इकडे आलेला तो एकटाच नट. जेडन म्हणजे केटलिन डेव्हर. स्टेफनी बिअॅट्रिझ स्टाफमध्ये आहे, तिला नंतर 'ब्रुकलिन नाइन-नाइन'मध्ये सगळ्यांनी पाहिलं. आणि क्रेटनने पुढे मार्व्हलचा 'शांग-ची' केला. सगळं दहा लाख डॉलर्सच्या आत केलेल्या सिनेमातून.

कॅमेरा हातातला आहे पण उगाच हलत नाही, कोणीतरी स्टाफपैकीच शेजारी उभं असल्यासारखा आहे. मार्कस आपलं रॅप म्हणून दाखवतो आणि मेसन बाजूला ताल धरतो तो सीन परत बघा. आईबद्दल आहे ते. मेसनचा चेहरा हळूहळू बदलत जातो पण हात थांबत नाहीत. ठेका सोडला तर पोरगा थांबेल हे त्याला माहीत आहे.

पाटीपेन्सिल

मी आहे काम केलेली. अकरा वर्षं मुलींच्या बालगृहात, विदर्भात, गाव सांगत नाही. आता सोडलं.

सिनेमा माझ्या भाचीने लावून दिला. माझं पहिलं मत, यांच्याकडे रजिस्टर कुठे आहे?? आमचं अर्धं आयुष्य रजिस्टरात गेलं. हजेरी, साठा, भेटीला आलेल्यांचं वेगळं, आजारपणाचं वेगळं, साबणाच्या वड्या किती वाटल्या त्याचंसुद्धा. एवढ्या मुलांमागे यांचा एवढा स्टाफ बघून तर मी हसलेच. आम्ही रात्री दोघीजणी असायचो, त्यातली एक स्वयंपाकाची मावशी.

पण तो नेट मुलांसमोर उभा राहून म्हणतो ना की मला नेहमीच वंचित मुलांसाठी काहीतरी करायचं होतं, आणि मार्कस उसळतो, तिथे मी टीव्हीला हात जोडले. आमच्याकडे दर रविवारी असे नेट यायचे. कोणाचा वाढदिवस, कोणाच्या वडिलांचं वर्षश्राद्ध. केक, बिस्किटपुडे, भिंतीला बॅनर. मुलींना रांगेत बसवून प्रार्थना म्हणायला लावायची, मग फोटो. बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ मध्ये मुलांची ओळख उघड करायला बंदी आहे हे सांगितलं की मोठी माणसं रुसायची, आम्ही एवढं आणलंय आणि तुम्ही फोटोला नाही म्हणता. एका रविवारी तीन केक झाले तर एक चिमुरडी मला म्हणाली, "मॅडम, आज कोण कोण जन्मलं?"

चहाबाज, नोकरीचं तुमचं बरोबर आहे. पण ग्रेस त्या रात्री तिथे का गेली ते आधीच्या सीनमध्ये आहे. जेडन तिला आपली ऑक्टोपसची गोष्ट वाचून दाखवते. ऑक्टोपसला एकटं वाटत असतं, शार्क म्हणतो दोस्ती करतो पण एक हात खायला दे, मग दुसरा, मग तिसरा. सगळे हात संपल्यावर शार्क निघून जातो. मुलगी सरळ काही बोलत नाही, गोष्ट सांगते. ग्रेस साहेबाच्या केबिनमध्ये जाऊन भांडते तर साहेब म्हणतो थेरपिस्टला तिने काही सांगितलेलं नाही, कागदावर काही नाही, बाप न्यायला आला, आम्ही पाठवली.

हे आमच्याकडे शंभरदा झालंय. मुली समुपदेशकाला सांगत नाहीत, जिच्याकडून वेणी घालून घेतात तिला सांगतात, ते पण वेणी घालून घेताना, पाठ करून, म्हणजे चेहरा बघावा लागत नाही. आणि त्या बाईच्या शब्दाला मीटिंगमध्ये किंमत शून्य. आता पॉक्सोखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा २०१२ चा कायदा) नुसती शंका आली तरी कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाच गुन्हा, त्यामुळे निदान लेखी देता येतं. पण लेखी काय देणार, ऑक्टोपसचे हात शार्कने खाल्ले?

चहाबाज

पाटीपेन्सिल, शेवटच्या वाक्याला माझ्याकडे उत्तर नाही. नोकरीवरून काढण्याचा मुद्दा तात्पुरता मागे. योगायोगाचा मात्र कायम!

बेएरियातला_बंड्या

इथलं थोडं सांगतो, कारण सिनेमा कॅलिफोर्नियातलाच आहे. माझी बायको कासा व्हॉलंटियर आहे, म्हणजे कोर्ट एका मुलामागे एक साधा नागरिक नेमतं. तो वकील नाही, सोशल वर्कर नाही, त्या मुलाला भेटत राहायचं आणि त्याच्या भल्याचं काय ते जजला सांगायचं. ती सांगते की मुलाच्या आयुष्यात येणारी बाकी सगळी माणसं पगारी असतात आणि मुलांना ते पक्कं माहीत असतं. पहिल्या भेटीत तिला विचारलेला पहिला प्रश्न, तुला याचे किती मिळतात.

मार्कसचं अठराव्या वर्षी बाहेर पडणं सिनेमात अगदी कड्यावरून ढकलल्यासारखं आहे. तसं इथे २०१२ पासून कायदा बदललाय, अठरा झाल्यावरही फॉस्टर केअरमध्ये (म्हणजे सरकारने लावून दिलेल्या कुटुंबात किंवा अशा घरात) राहता येतं, आता एकविसापर्यंत. पण राहता येतं आणि जागा मिळते यात फरक आहे, आणि अठरा वर्षांच्या पोराला कायद्यापेक्षा आपण बाहेर पडतोय हेच मोठं असतं.

गंमत सांगू का, २०१५ मध्ये कॅलिफोर्नियाने कायदा करून जुनी ग्रुप होम्स बंद करत आणायचं ठरवलं, २०१७ पासून त्यांच्या जागी जी नवीन कॅटेगरी आली तिचं सरकारी नाव 'शॉर्ट-टर्म रेसिडेन्शियल थेरप्युटिक प्रोग्राम'. शॉर्ट टर्म! मी बायकोला म्हटलं यांनी सिनेमा बघून नाव ठेवलं का.

अर्धीखिडकी

बंड्या, पाटीपेन्सिल, एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल खूप आभार. आपल्याकडे अठरानंतर काय?

पाटीपेन्सिल

आपल्याकडे अनुरक्षणगृह असतं. कायद्यात आहे, अठरा ते एकवीस. मुलींसाठी जागा कमी, बरंच काही जिल्ह्यावर आणि अधिकाऱ्यावर अवलंबून. काही मुलींची लग्नं लागतात, अगदी कलेक्टर वगैरे येतात अक्षता टाकायला, पेपरात फोटो. काही परत त्याच घरी जातात जिथून आणल्या होत्या. मी एकीला एसटीत बसवून दिलं होतं, तिने खिडकीतून विचारलं, मॅडम रात्री लाइट कितीला बंद करायचा? तिला कोणीतरी सांगितल्याशिवाय लाइट बंद करायची सवयच नव्हती.

खारीबिस्किट

वाचनखूण साठवली. ऑफिसात वाचतेय, डोळे पुसायला वॉशरूमला जाऊन आले.

नावातकायआहे

सात वर्षं इथे फक्त वाचतो, लिहीत नाही. आज लिहितो.

मी वयाच्या नवव्या वर्षापासून अठरापर्यंत बालगृहात होतो. कुठल्या ते महत्त्वाचं नाही. वाईट नव्हतं. चांगलं पण नव्हतं. होतं.

वाढदिवसाचं वर कोणीतरी लिहिलंय. आमच्यातल्या जवळपास सगळ्यांचा वाढदिवस १ जूनला. ज्याची जन्मतारीख कोणाला माहीत नाही त्याची शाळेच्या दाखल्यावर १ जून टाकतात. त्यामुळे आमच्याकडे वाढदिवस हा एकट्याचा प्रकारच नव्हता, दिवाळीसारखा सगळ्यांचा एकदम यायचा, त्यातून सुट्टीतला. जेडनचा वाढदिवस तिचा एकटीचा आहे, तिला तारीख माहीत आहे, बापाला पण माहीत आहे आणि तो येत नाही, हे बघताना मला तिची दया यायच्या आधी जरा हेवाच वाटला. मग स्वतःचीच लाज वाटली. मग ती परत येते आणि पोरांनी तिच्यासाठी ग्रीटिंग कार्डं केलेली असतात तिथे मी उठून पाणी प्यायला गेलो.

पण मला लिहायचं होतं ते मार्कसच्या डोक्याबद्दल. बाहेर पडायच्या आधी तो म्हणतो माझं डोकं पूर्ण भादरा. ग्रेस आणि मेसन मशीन फिरवतात. आणि झाल्यावर तो विचारतो की टेंगळं दिसतात का. लहानपणी आईने मारलेलं असतं त्याची. ते बघतात आणि म्हणतात नाही, काही नाही, गुळगुळीत आहे. आणि तो रडतो.

आमची डोकी दर महिन्याला भादरायचे, उवांमुळे. सरसकट चमनगोटा. त्यामुळे प्रत्येकाच्या डोक्यावर काय आहे ते प्रत्येकाला माहीत. कोणाला उलथन्याची खूण, कोणाला पाट्याची, एकाला तर विळीची. कोणी कोणाला कधी विचारलं नाही. एकमेकांना चिडवायला आम्ही काहीही काढायचो, आई, बाप, जात, काळा, बुटका, पण डोक्यावरच्या खुणा नाही, असा कोणी केलेला नियम नव्हता पण होता. आणि आमच्यातल्या कोणालाही मार्कससारखं असं वाटायला वावच नव्हता की कदाचित आता गेल्या असतील, कारण दर महिन्याला दिसायच्याच. मी बाहेर पडल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल तर केस वाढवले. अजून वाढवलेलेच आहेत, बायको म्हणते कापा.

मार्कस शेवटच्या दिवसांत भांडणं उकरून काढतो, खेळताना लुइसला बॅटने मारतो, ते पण खरं आहे. निघायच्या आदल्या आठवड्यात मी पण असंच काहीतरी केलं. आमच्याकडे एक चांगला कॅरमचा स्ट्रायकर होता, जड, पिवळसर, सगळ्यांचा जीव त्याच्यावर. तो मी चोरला. का ते आजही सांगता येणार नाही. आमचे काळजीवाहक काका होते त्यांनी संध्याकाळी सगळ्यांना ओळीने उभं करून विचारलं, माझ्यासमोर आले, माझ्या खिशाकडे बघितलं, आणि पुढच्याला विचारलं.

फ्रेमनफ्रेम

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). मी इथे एडिटिंगबद्दल काहीतरी लिहिलं होतं, वरचं वाचून काढून टाकलं.

बेएरियातला_बंड्या

नावातकायआहे, तुमचा प्रतिसाद बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. ती म्हणतेय लिहीत राहा. मी पण तेच म्हणतो.

चहाबाज

काल रात्री परत बघितला. तुमचा सगळ्यांचा दोष.

बॅटचा सीन मला अजून पटत नाही, पटणारही नाही. पण यावेळी एक दिसलं जे आधी सुटलं होतं. ग्रेस दिवसभर पोरांना सांगत फिरते की बोला, मोकळे व्हा, आत ठेवू नका, आणि घरी येऊन मेसनला एक अक्षर सांगत नाही. तो बिचारा ऐकायला अक्षरशः ताटकळत बसलाय. तो स्वतः एका फॉस्टर कुटुंबात वाढलेला, त्या नवराबायकोच्या लग्नाच्या तिसाव्या वाढदिवसाची पार्टी आहे सिनेमात, घर माणसांनी भरलेलं, सगळी त्यांनी वाढवलेली पोरं. मेसन भाषण करतो. आणि ग्रेस तिथे उभी राहून बघते की असंही असू शकतं. पहिल्यांदा पाहताना मला तो सीन भरतीचा वाटला होता, म्हणजे जरा गोड काहीतरी हवं म्हणून टाकलेला.

शेवट पण. परत सगळे बाहेर उभे, परत मेसन गोष्ट सांगतोय, या वेळी मार्कसची आणि या वेळी चांगली, आणि परत दार उघडून सॅमी पळत सुटतो, पाठीवर अमेरिकेचा झेंडा सुपरमॅनसारखा बांधून. परत सगळे मागे. आधी मी याला साखरपेरणी म्हणणार होतो. पण पाटीपेन्सिल, तुम्ही सांगा, हे असंच असतं का, म्हणजे एवढं सगळं होऊन दुसऱ्या दिवशी परत तेच?

पाटीपेन्सिल

दुसऱ्या दिवशी कुठलं, त्याच दिवशी. एकीला दवाखान्यातून परत आणून झोपवलं, रात्रीचे दोन, आणि वरच्या मजल्यावर दोघींची रबरबँडवरून झोंबाझोंबी. गेले की वर.

सॅमीबद्दल मला वेगळं म्हणायचंय. त्याच्या बाहुल्या थेरपिस्टच्या सांगण्यावरून काढून घेतात, त्याला पुढे जायला हवं म्हणून, आणि तो अंथरुणाला खिळतो, पळत पण नाही. त्यामुळे शेवटी तो परत पळतो तेव्हा स्टाफला आनंद होतो, तो खरा आहे. आमच्याकडे एक मुलगी होती, रोज संध्याकाळी गेट हलवून बघायची कुलूप आहे का. सगळ्यांना वैताग. एकदा आठवडाभर तिने हलवलंच नाही. सातव्या दिवशी मी अधीक्षकांना सांगितलं डॉक्टर बोलवा. टायफॉइड निघाला.

खारीबिस्किट

अवांतर: कोणाला आजूबाजूला एखादं मूल अडचणीत दिसलं तर १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा (आधीची चाइल्डलाइन) नंबर आहे, फुकट आहे, रात्री पण लागतो. सुरुवात आपल्या मुंबईतच झाली होती, १९९६ ला.

आणि नावातकायआहे, विचारू का नको करत होते पण विचारतेच. त्या स्ट्रायकरचं पुढे काय झालं?

नावातकायआहे

आहे ना माझ्याकडे. मुलगी त्यानेच खेळते. तिला नवा हवाय, हा जड आहे म्हणून कुरकुर करते.